पोटात बाळ नाही, तरी सोनोग्राफी

(चौक येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात कायद्यावर बोलणं झालं, आता मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. पहिल्यांदाच सांगते, मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून कर्जत-खालापूरच्या वाड्या-पाड्यांवर काम करते आहे. बायांबरोबर रुग्णालयाच्या बाकांवर तासन्‌ तास बसून, डॉक्टरांच्या मागे लागून, रिपोर्टातल्या एकेका शब्दाचा अर्थ विचारून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आज विषय घेतलाय पित्ताशयाचा. तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, मी पाहिलं. हुंडा, मारहाण, पाणी, जमीन, हे सगळं सोडून पित्ताशय? थोडं ऐकून घ्या.

आपल्या भाषेत ‘पित्त’ हा शब्द किती कामं करतो ते बघा. छातीत जळजळलं, पित्त झालं. डोकं दुखलं, पित्त चढलं. अंगावर गांधी उठल्या, पित्त उठलं. उलटी झाली, पित्त पडलं. नवरा चिडला तरी त्याचं पित्त खवळलं! आणि बाई पोट धरून रात्रभर कण्हत बसली तरी सकाळी शेजारीण विचारते तेव्हा उत्तर तेच: काही नाही गं, पित्त झालंय. मग खाण्याचा सोडा, कोकमाचं पाणी, टपरीवरची आठ-दहा रुपयांची गोळी. एवढ्यावर बाईचं दुखणं मिटवायचं.

आता शरीरात काय आहे ते पाहू. जळजळ होते ती जठरातल्या आम्लानं. पित्त ही वेगळी वस्तू. ते यकृतात, म्हणजे काळजात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि तुपा-तेलाचं अन्न पचवायला लागतं. यकृताच्या खाली उजव्या बरगडीआड एक छोटी पिशवी असते, साधारण पेरूच्या आकाराची. हेच पित्ताशय. जेवलो की ती आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं. या पिशवीत पित्त साकळून घट्ट झालं की त्याचे खडे बनतात. खडा पिशवीच्या तोंडाशी येऊन अडकला की ती आवळायला बघते, पण रस्ता बंद. तेव्हा जी कळ येते ती ज्यांनी सोसली त्या सांगतात, बाळंतपण बरं होतं.

कळ सुटली, खडा मागे सरकला, तर बाई दोन-तीन तासांनी उठून कामाला लागते. खडा तिथेच बसला, तर पिशवी फुगते, तिला सूज येते, आत जंतू वाढतात. ही पित्ताशयाची सूज. दोन्ही दुखण्यांचं ठिकाण एकच, पण दोन्ही एक नाहीत. हा फरक ‘पित्त झालंय’ या दोन शब्दांत पार बुडून जातो.

हे खडे पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीनं जास्त आढळतात. याला कारण आपली संप्रेरकं. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनमुळे पिशवी सुस्त होते, नीट रिकामी होत नाही. जितकी बाळंतपणं जास्त तितका धोका जास्त. फार वेळ उपाशी राहिल्यानंही पित्त पिशवीत साकळून राहतं. आता आपलं कॅलेंडर बघा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, हरतालिका, नवरात्र. आणि दिवसभर उपाशी राहून रात्री काय, तर तुपातली साबुदाण्याची खिचडी. उपास करू नका असं मी सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न. पण उपासाच्या रात्रीच पोटात कळ येते असं कुणी सांगितलं, तर तिला ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नका.

डॉक्टर मुलामुलींना शिकताना इंग्रजीत एक यमक पाठ करायला लावतात. त्याचा अर्थ असा: जाडी, बाई, चाळिशीची, लेकुरवाळी, म्हणजे पित्ताचे खडे. या यमकाचा मला दोन कारणांनी राग येतो. एक म्हणजे ते बाईच्या शरीराची टिंगल करतं. दुसरं, ते आपल्या भागात फसवतं. ठाकरवाडीवरची किंवा कातकरवाडीवरची बाई जाडी नसते. तिशीतली, काटकुळी, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई समोर आली की खड्याचा विचारच मनात येत नाही. सिकलसेलचा आजार असेल तर कोवळ्या वयातही खडे होतात, हेही लक्षात ठेवा.

अशाच एका बाईचं सांगते. नाव-गाव सांगत नाही, ती इथल्याच डोंगराकडची. वय पस्तिशीच्या आत, तीन लेकरं. दोन वर्षं तिला अधूनमधून रात्री कळ यायची, उजव्या बरगडीखालून निघून पाठीत फऱ्यापर्यंत जायची. लग्नाचं जेवण झालं, गटारीचं मटण झालं, की हमखास. सासू म्हणायची, पित्त हाय, उपाशी नीज. खाली बाजारातला डॉक्टर सुई टोचायचा, सलाईन लावायचा, कळ थांबायची. दर खेपेला तीनशे-चारशे रुपये. दोन वर्षांत तिच्या पोटाला कुणी नीट हात लावून बघितलं नव्हतं.

एका पावसाळ्यात, लावणी नुकती उरकली होती, कळ आली ती दोन दिवस थांबलीच नाही. हुडहुडी भरून ताप आला. झोळी करून तिला खाली आणली, मिनिडोरमध्ये घातली आणि सरकारी रुग्णालयात नेली. तिथे सोनोग्राफीचं मशीन होतं, पण खोलीला कुलूप. ते चालवणारे डॉक्टर ठरलेल्या वारीच यायचे. दुखणं थांबायची सुई दिली आणि चिठ्ठी लिहून दिली, बाहेरून सोनोग्राफी करा. इथे घरातल्यांचं अडलं. सासूनं विचारलं, “ती काय पोटुशी हाय? मंग सोनोगिराफी कशाला?” नवरा गप्प. त्याच्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल. आजारी बाईवर त्या क्षणी संशय घेतला गेला. खाजगी सेंटरवर पोचलो तर टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, “कितवा महिना?”

सोनोग्राफी म्हणजे गर्भ, हे समीकरण इतकं पक्कं झालंय. आणि त्यात आपल्या चळवळीचाही वाटा आहे बरं का! तीस-पस्तीस वर्षं आपण या मशीनबद्दल एकच गोष्ट सांगत आलो. ती सांगणं गरजेचंच होतं. पण या मशीनचं दुसरं काम बायांपर्यंत कुणी नेलंच नाही.

मशीन काय करतं ते सोपं आहे. माथेरानच्या कड्याखाली उभं राहून हाक मारली की हाक परत येते. कडा जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. या यंत्राच्या हातातल्या दांड्यातून आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी पोटात जातात, प्रत्येक अवयवावर आपटून परत येतात आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटतं. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. म्हणून ते गरोदर बाईलाही चालतं. पोटावर चिकट जेल लावतात ते मध्ये हवा राहू नये म्हणून. हवा असली की हाक पुढे जात नाही.

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात या तंत्रावरचा पहिला मोठा लेख लिहिला. तेव्हा त्यांच्यापुढे आलेल्या रुग्णांत एक बाई होती. पोट फुगलेलं, जठराचा कर्करोग, आता काही उपाय नाही, असं तिला सांगून झालेलं. मशीननं दाखवलं की ती पाण्यानं भरलेली गाठ आहे. तिची शस्त्रक्रिया झाली, गाठ अंडाशयाची निघाली, बाई वाचली. म्हणजे ज्या यंत्राला आपण मुलींचा काळ म्हणून ओळखतो, त्याची सुरुवातच एका बाईच्या पोटाचं चुकलेलं निदान दुरुस्त करून झाली होती.

पित्ताशय बघायचं तर सहा ते आठ तास काही खाल्लेलं नसावं. खाल्लं की पिशवी आवळते आणि रिकामी पिशवी नीट दिसत नाही. भरलेली पिशवी पडद्यावर काळी दिसते. खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, उन्हात उभ्या माणसामागे पडते तशी. मग डॉक्टर कुशीवर वळायला सांगतात. सुटा खडा घरंगळतो, तोंडाशी अडकलेला जागचा हलत नाही. पुढे भिंतीची जाडी मोजतात. उपाशीपोटी ती तीन मिलिमीटरपर्यंत असावी, सुजली की वाढते. पिशवीभोवती पाणी जमलंय का, पिशवी ताणली गेलीय का, हेही बघतात. दांडा नेमका पिशवीवर दाबला की बाई कळवळते का, ही खूण फार महत्त्वाची. शिकागोचे मर्फी नावाचे शल्यचिकित्सक बोटांनी दाबून हे तपासत, म्हणून त्या खुणेला त्यांचं नाव आहे. म्हणूनच दुखणं थांबवायची सुई आधी घेतली असेल तर ते तपासणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. सुईनं ही खूण झाकली जाऊ शकते.

आपल्या बाईच्या बाबतीत खडा हलला नाही. भिंत सात मिलिमीटर, भोवती पाणी. डॉक्टर भले होते. रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबू नका, आजच मोठ्या रुग्णालयात न्या, म्हणाले. मोठं रुग्णालय म्हणजे नवी मुंबई. (आपल्या चौकजवळच्या मोरबे धरणाचं पाणी नव्या मुंबईला जातं आणि पोटातली सूज दाखवायला आपली बाईही नव्या मुंबईलाच जाते!) पिशवीत पू झाला होता, एका बाजूची भिंत काळी पडायला लागली होती. पिशवी काढली. बाई वाचली. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

ते ‘काय झालं असतं’ आपल्याला माहीत असायला हवं. सूज तशीच राहिली तर भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती सडते. अशा वेळी कधी कधी दुखणं कमी होतं, कारण तिथल्या नसाच मरतात. घरचे म्हणतात, उतार पडला. सोनोग्राफीत तेव्हा दाबलं तरी बाई फारशी कळवळत नाही, पण भिंतीचे पापुद्रे सुटलेले दिसतात. मग भिंत फुटते, पू पोटात पसरतो. मधुमेह असलेल्यांत भिंतीतच वायू धरू शकतो, तो प्रकार फार घातक. दुसरी वाट म्हणजे खडा पिशवीतून निसटून मुख्य नळीत अडकणं. मग कावीळ होते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातीसारखं पांढुरकं, अंगाला खाज. खडा आणखी खाली अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते, तीही जिवावर बेतते.

कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी वैदूकडे जातात. माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ ‘उतरवतात’. दूषित पाण्यामुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते, म्हणून माळेला श्रेय मिळतं. खड्यानं झालेली कावीळ माळेनं उतरत नाही. पोटात कळ, हुडहुडीचा ताप आणि पिवळे डोळे ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर वैदू नाही, भगत नाही, १०८ ला फोन.

आता मशीनची दुसरी बाजू. ते देव नाही. पिशवीतले खडे ते अगदी छान दाखवतं, शंभरात पंच्याण्णवांच्या वर. सूज ओळखण्यात थोडं कमी पडतं. आणि नळीच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या वायूमुळे पुष्कळदा दिसतच नाही. त्यासाठी रक्ततपासणी, वेळ पडली तर एम.आर.आय.सारखी तपासणी लागते. भिंत जाड दिसली म्हणजे पित्ताशयाचाच आजार, असंही नाही. डेंग्यूत पित्ताशयाची भिंत जाड होते, यकृताच्या सुजेत होते, हृदय कमजोर असलं तरी होते. पावसाळ्यात तापानं फणफणलेल्या बाईच्या रिपोर्टात ‘भिंत जाड’ एवढंच वाचून कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर थांबा, डेंग्यूची तपासणी झाली का ते विचारा.

याहून महत्त्वाचं सांगते. पुष्कळ बायांच्या पोटात खडे असतात आणि ते जन्मभर काही त्रास देत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडा दिसला, एवढ्यावर सहसा पिशवी काढायची नसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण गर्भाशयाचं प्रकरण पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून गरीब बाईच्या पोटातला अवयव काढायचा, हा धंदा पित्ताशयावर सरकायला वेळ लागणार नाही. दुखणाऱ्या बाईला तपासणी मिळत नाही आणि न दुखणाऱ्या बाईला शस्त्रक्रिया मिळते, असला हा बाजार आहे.

हे आज घडतंय असंही नाही. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्यासाठी कधी तरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता. पण त्यानं दाखवलेली गोष्ट पोटाच्या कुठल्याही दुखण्याला लागू आहे. बाई सांगत नाही, कारण सांगून उपयोग होत नाही हे तिला माहीत असतं.

आता कायद्याकडे येते, कारण इथे आपल्याला कोंडीत पकडलं जातं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं १९८८ साली केला, तोही स्त्री संघटनांच्या आंदोलनामुळे. केंद्राचा कायदा १९९४ चा, १ जानेवारी १९९६ पासून लागू. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली कायदा आणखी कडक झाला. २०१२ साली नियमांनी हलवता येणाऱ्या मशीनवरही बंधनं आणली. आता काही डॉक्टर मंडळी आपल्याला ऐकवतात, “तुमच्या कायद्यामुळेच खेड्यातल्या बाईला सोनोग्राफी मिळत नाही.”

हे अर्धसत्य आहे. नोंदणी नसलेल्या जागी मशीन ठेवता येत नाही, ते चालवणारा प्रशिक्षित असावा लागतो, हे खरं. पण पित्ताशयाची सोनोग्राफी करू नका असं कायदा कुठेही म्हणत नाही. बाई गरोदर नसेल तर फॉर्म एफ लागत नाही. गरोदर असेल, आणि गरोदरपणात हे दुखणं निघू शकतं, तर फॉर्म भरायचा आणि तपासणी करायची. कागद भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. तरीही नोंदी ठेवण्यातल्या चुका हा गुन्हा मानू नये म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१९ साली न्यायालयानं ती मागणी फेटाळली. खोलीला कुलूप असतं ते पद रिकामं असतं म्हणून. पद भरण्याची जबाबदारी शासनाची आहे. तेव्हा आपली मागणी कायदा सैल करा ही नाही, डॉक्टर द्या ही आहे. या मुद्द्यावर आपल्यातच मतभेद आहेत, मला माहीत आहे. वाडीवर रात्री बाई तळमळत असताना कायद्याचा इतिहास सांगणं सोपं नसतं. पण मुली आपल्याच आहेत आणि तळमळणारी बाईही आपलीच आहे. एकीला वाचवायला दुसरीला सोडा, हा सौदा आपल्यापुढे कुणी ठेवूच नये.

करायचं काय? चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जतचं आणि पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, या पायऱ्या आपल्याला आहेत. प्रत्येक ठिकाणी सोनोग्राफी कुठल्या वारी, किती वाजता होते हे एकेकीनं जाऊन विचारून या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. बदललं की खोडून नवं लिहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. शस्त्रक्रियेचं ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. ही योजना २०१२ साली, जीवनदायी या नावानं, पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. पिशवीची शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते ते तोच सांगेल. रेशनकार्ड घरात नवऱ्याच्या पेटीत असतं, त्याची एक झेरॉक्स बाईजवळ असू द्या. आणि रिपोर्ट बाईच्या हातात द्यायला सांगा. पोट तिचं आहे. वाचता येत नसेल तर गटात आणा, मी आहे, आशाताई आहेत.

रस्त्याचं काय, असं मगाशी कुणी तरी म्हणालं. बरोबर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदत करणाऱ्यांनाही पायीच डोंगर चढावा लागला, हे चौकच्या लोकांना मी काय सांगावं! दरडीची रात्र सगळ्या राज्यानं पाहिली. झोळीतून उतरणारी एकेकटी बाई कुणाला दिसत नाही. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव घालाल तेव्हा त्यात आजारी माणूस खाली आणायला किती वेळ लागतो ते मिनिटांत लिहा.

भाषणानंतर बायांनी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे देते.

एकीनं विचारलं, पिशवी काढली तर जेवण कसं पचणार? पित्त यकृतात बनतं, पिशवी ही फक्त साठवण. ती काढल्यावर पित्त थोडं थोडं थेट आतड्यात जातं. सुरुवातीला तेलकट सोसत नाही, काहींना पातळ शौचाला होतं, बहुतेकींना पुढे नेहमीचं जेवण चालतं. ही शस्त्रक्रिया नवीनही नाही, १८८२ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झाली. दुर्बिणीनं करायची पद्धत डॉ. तेहम्तन उदवाडिया यांनी १९९० साली आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे एका सरकारी रुग्णालयात, भारतात पहिल्यांदा आणली.

दुसरा प्रश्न एका ठाकर ताईंचा होता. शस्त्रक्रियेनंतर लावणीला वाकता येईल का? दुर्बिणीनं केली तर हलकी कामं आठवडाभरात करता येतात, ओझं उचलणं आणि तासन्‌ तास वाकणं मात्र महिनाभर टाळायचं, डॉक्टर सांगतील तसं. पोट उघडून केली तर त्याहून जास्त. ताई म्हणाल्या, “महिनाभर पाणी कोण भरल?” मी तो प्रश्न तिथे बसलेल्या बचतगटाकडे वळवला. ताईंच्या वाडीतल्या तिघींनी हात वर केले आणि मग हंडे कुणी कुठल्या वेळी आणायचे यावर त्यांचं आपसात बोलणं सुरू झालं.